बारकॉल्डिन : एका विरळ वस्तीच्या गावाचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून आपणांपैकी पुष्कळांना ते एखाद्या नव्या औषधाचे नाव वाटले असेल. बारकॉल्डिन हे एक गाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात, किनाऱ्याजवळच्या रॉकहॅम्प्टन शहरापासून पश्चिमेस सुमारे पावणेसहाशे किलोमीटर आत, सपाट माळावर ते वसले आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विचारले, की कामगार चळवळीवर बोलायचे तर मुंबई, मँचेस्टर, शिकागो टाकून हे आडगाव कशाला? आम्ही म्हटले, मोठ्या गिरणगावांचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. त्या वाचनात हे गाव आमच्या मनात रुतले ते आजतागायत निघालेले नाही.

विरळ वस्ती म्हणजे किती विरळ, ते आधी सांगतो. बारकॉल्डिन आज ज्या प्रादेशिक पालिकेत मोडते तिचे क्षेत्र सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर आहे. आपला सबंध कोकण विभाग, मुंबई धरून, तिच्या दोन-तृतीयांशही भरणार नाही. आणि एवढ्या मुलखात माणसे किती? तीन हजारांच्या आत. त्यांतली निम्मी खुद्द गावात, बाकीची माळावर विखुरलेली. शेजाऱ्याकडे विरजण मागायला जायचे तर मोटारीत पेट्रोल भरून निघावे लागेल!

गोरे लोक आपल्या मेंढ्या घेऊन या भागात आले ते १८६० नंतर. डोनाल्ड कॅमेरॉन या गृहस्थाने १८६३ च्या सुमारास येथे विस्तीर्ण कुरण ताब्यात घेतले आणि स्कॉटलंडमधल्या एका ठिकाणावरून त्याला 'बारकॉल्डिन डाउन्स' हे नाव दिले. मुलूख ओसाड होता असे कोणी समजू नये. इनिंगाई नावाचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. परंतु सरकारच्या कागदावर जमीन रिकामी होती, आणि कागदावर जे रिकामे असते ते प्रत्यक्षात रिकामे करायला फौज लागते. क्वीन्सलंडात त्यासाठी 'नेटिव्ह पोलिस' नावाचे घोडदळ होते. अधिकारी गोरे, शिपाई मात्र दूरच्या मुलखांतून आणलेले तेथलेच आदिवासी. कंपनी सरकारच्या पलटणींचा इतिहास वाचलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

गाव असे उभे राहिले ते १८८६ साली, आणि ते रेल्वेमुळे. रॉकहॅम्प्टनहून निघालेले रूळ त्या वर्षाच्या अखेरीस येथवर आले आणि थांबले. पुढे लाँगरीचपर्यंत ते १८९२ मध्ये गेले. म्हणजे पाच वर्षे बारकॉल्डिन हे रुळांचे टोक होते. टोकाच्या गावाची गंमत काही वेगळीच असते. आतल्या सगळ्या कुरणांची लोकर बैलगाड्या-घोडागाड्यांनी येथे यायची आणि येथून आगगाडीत चढायची. बंदरावरून आलेले पीठ, चहा, साखर, तंबाखू येथे उतरायचे. गाडीवान, हमाल, लोहार, खाणावळवाले, दारूवाले आणि काम शोधणारी माणसे यांची येथे झुंबड उडाली. १८८७ मध्ये जवळच खोल विंधन घेतले तेव्हा पाणी आपोआप उसळून वर आले. त्या रखरखीत माळावर ही केवढी दौलत! त्या पाण्यावर गावकऱ्यांनी बागा फुलविल्या. रस्त्यांना नावे दिली तीही झाडांची. मुख्य रस्त्याचे नाव ओक. त्या मातीतला ओक मात्र तो नव्हे. विलायतेची आठवण म्हणून ठेवलेले नाव.

आता ज्यांच्यामुळे हे गाव इतिहासात गेले त्यांच्याकडे वळू. ते लोक गावचे नव्हतेच. लोकर कातरणारे कामगार मोसमात एका कुरणाहून दुसऱ्या कुरणावर, कोणी घोड्यावर, कोणी पायी, पाठीवर वळकटी बांधून शेकडो मैल फिरत. आपल्याकडचे ऊसतोड कामगार जसे दिवाळी उरकून बीड-पाथर्डीकडून कारखान्यांच्या वाटेला लागतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे बिऱ्हाड सोबत असते आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. तेथे पुरुष एकटेच निघत.

काम अंगावर. शंभर मेंढ्यांमागे ठरलेला दर, तो साधारण एक पौंड. कमरेत वाकून, गुडघ्यांत मेंढी धरून, हातकात्रीने सबंध लोकर एका तुकड्यात उतरवायची. दिवसाला शंभर मेंढ्या उतरवल्या म्हणजे हात चांगला समजत. येथून फार दूर नाही अशा अ‍ॅलिस डाउन्सच्या शेडमध्ये जॅक हाऊ या गड्याने १० ऑक्टोबर १८९२ रोजी आठ तासांहून कमी वेळात हातकात्रीने ३२१ मेंढ्या कातरल्या. हा हाऊ पक्का युनियनवाला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण युनियनमध्ये कामचुकारच शिरतात अशी एक समजूत आपल्याकडच्या प्रतिष्ठित मंडळींत फार आहे.

दर ठरलेला, पण हिशेब मालकाच्या हातात. कातरणी नीट नाही असे मुकादमाला वाटले की मेंढीवर गेरूची खूण पडे आणि तिचे पैसे जात. कधी एका मेंढीवरून, कधी सबंध वाड्यातल्या मेंढ्यांवरून. मजुरी शेडचे काम संपल्यावर एकदम. मध्येच सोडून गेला तर अडकवून ठेवीत. पीठ-मटण घ्यायचे ते मालकाच्याच दुकानातून, त्याच्याच भावाने. कातरणाऱ्यांच्या हाताखाली लोकर उचलणारे, झाडणारे, गठ्ठे दाबणारे जे बिगारी असत त्यांची स्थिती याहून कठीण. या साऱ्यांची संघटना क्वीन्सलंडात १८८६-८७ पासून होऊ लागली. ही माणसे एका छपराखाली फार दिवस नसत. त्यांच्या वर्गणीच्या पावत्या फाडणे हे केवढे काम असेल याची कल्पना आम्हांला आहे. गिरणीच्या दारात उभे राहून सभासद करणे त्यापुढे पोरखेळ.

मालक स्वस्थ बसले नाहीत. १८९० मध्ये गोदी व जहाजांवरच्या कामगारांचा मोठा संप मोडला, त्याने त्यांना धीर आला. त्यांनी आपलाही संघ केला आणि एक छापील करारपत्र काढले. युनियनशी बोलणे नाही, प्रत्येक मजुराने एकट्याने यावे, मालकाने लिहिलेल्या अटी मान्य कराव्यात आणि सही करावी. या व्यवस्थेला त्यांनी नाव दिले 'कराराचे स्वातंत्र्य'. नावे ठेवण्यात मालकवर्गाचा हात धरणारा कोणी नाही.

जानेवारी १८९१ मध्ये क्लेरमाँटजवळच्या लोगन डाउन्स कुरणावर कामगारांनी सही नाकारली आणि संप पसरला. जागोजाग संपकऱ्यांच्या छावण्या पडल्या. रुळांचे टोक बारकॉल्डिन, म्हणून मोठी छावणी आणि संप समितीचा मुक्काम तेथे. दक्षिणेकडून मालक जे संपफोडे आणीत तेही आगगाडीने तेथेच उतरत. त्यांना गाठून समजावायचे तर स्टेशनावरच. स्टेशनासमोर पांढऱ्या खोडाचे, निलगिरीच्या कुळातले एक जुने झाड होते. त्याच्या सावलीत सभा भरू लागल्या. पुढे लोक त्याला 'ज्ञानवृक्ष' म्हणू लागले.

सरकारने सैन्य पाठविले. तोफही आणली. त्या वेळी क्वीन्सलंडचे मुख्य प्रधान सर सॅम्युअल ग्रिफिथ होते. हे गृहस्थ मोठे कायदेपंडित. १८८८ साली त्यांनीच संपत्तीच्या विषम वाटणीवर लेख लिहून कामगारांची वाहवा मिळवली होती. १८९१ च्या मार्चअखेर, इकडे बारकॉल्डिनला संप समितीच्या पुढाऱ्यांना बेड्या पडत होत्या, तेव्हा हे तिकडे सिडनीत बसून भावी ऑस्ट्रेलियन राष्ट्राच्या घटनेचा मसुदा तयार करण्यात गुंतले होते. ग्रिफिथना ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. लेख लिहिताना ते प्रामाणिक असतील. परंतु प्रश्न कपाटातून उतरून घोड्यावर बसून आला, तेव्हा त्यांना तो ओळखू आला नाही.

१ मे १८९१ रोजी बारकॉल्डिनच्या रस्त्यांतून मिरवणूक निघाली. वर्तमानपत्राने दिलेला आकडा १,३४० माणसांचा आहे, त्यांत ६१८ घोडेस्वार. निशाणे होती, पुढाऱ्यांच्या अंगावर निळे पट्टे होते, आठ तासांच्या दिवसाचा आणि तुरुंगातल्या साथींचा जयजयकार झाला. मे दिनाच्या जगातल्या अगदी आरंभीच्या मिरवणुकांत हिची गणना होते. आपल्या देशात मे दिन पहिल्यांदा पाळला गेला तो १९२३ साली मद्रासेत, सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने. त्याच्या बत्तीस वर्षे आधी या माळावरच्या गावात हे घडले.

पण पोटावर मिरवणूक किती दिवस चालणार? निधी आटला, पाऊस आणि उपासमार यांनी छावण्या मोडल्या, संपफोडे येतच राहिले. पुढाऱ्यांवर रॉकहॅम्प्टनला कटाचा खटला झाला. त्यासाठी १८२५ चा जो कायदा उकरून काढला तो खुद्द इंग्लंडात रद्द झालेला होता. प्रत्येकी तीन वर्षे सक्तमजुरी, सेंट हेलेना नावाच्या बेटावर. जूनमध्ये संप मागे घेतला गेला. हार पुरती झाली.

याच हारीतून त्यांनी एक गोष्ट हेरली. बंदुका कोणाच्या हुकुमाने आल्या? सरकारच्या. सरकार कोणी निवडले? आणि येथे मतदारयादीचा प्रश्न आला. क्वीन्सलंडात सज्ञान पुरुषाला मत होते खरे. परंतु यादीत नाव येण्यासाठी सहा महिने एका ठिकाणी राहिले पाहिजे. बारा महिने वणवण करणाऱ्याने एका ठिकाणी सहा महिने राहावे कसे? उलट ज्याच्या जमिनी अनेक मतदारसंघांत, त्याला तितकी मते. ती सोय १९०५ पर्यंत चालली. म्हणजे ज्यांच्या श्रमावर गाव उभे, ते गावच्या यादीत नाहीत. आणि ज्यांनी गाव क्वचित पाहिले, ते चार यादींत! आपल्याकडे निवडणुकीच्या दिवशी ऊसतोडीची टोळी फडावर असते आणि नाव गावाकडच्या यादीत. ते पाहताना आम्हांला बारकॉल्डिनच आठवते.

तरीही त्यांनी नेट लावला. मार्च १८९२ मध्ये बार्कू मतदारसंघातून टॉमी रायन हा लोकर कातरणारा कामगार निवडून आला. कटाच्या खटल्यातून हा सुटला होता. विधिमंडळ त्याला मानवले नाही. तिथली मित्रमंडळी फार उबदार, दारू फार कडक आणि आसने फार मऊ, असे म्हणून तो परत आपल्या लोकांत गेला अशी कथा सांगतात. गमतीचा योगायोग असा, की पुढे याच मतदारसंघातून टी. जे. रायन याच नावाचा दुसरा गृहस्थ निवडून आला आणि तो १९१५ ते १९१९ प्रांताचा मुख्य प्रधान होता. ९ सप्टेंबर १८९२ रोजी मजूर पक्षाचा जाहीरनामा याच झाडाखाली वाचला गेला असे मानतात. १८९३ च्या निवडणुकीत पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि डिसेंबर १८९९ मध्ये अँडरसन डॉसन यांचे मजूर सरकार आले. ते टिकले एक आठवडा; पण जगातले ते पहिले मजूर सरकार. बेटावर सक्तमजुरी भोगून आलेला विल्यम हॅमिल्टन हा पुढे मंत्री झाला आणि विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्षही.

येथे व्याख्यान थांबविले तर टाळ्या पडतील. परंतु पुढचे पान आम्ही वाचले आहे, आणि ते आपल्यापासून लपविणे बरे नाही.

क्वीन्सलंडचा १८८५ चा निवडणूक कायदा आहे. त्यात कोणाला मत नाही ते लिहिले आहे. ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान, चीन आणि दक्षिण समुद्रातली बेटे येथील मूळ रहिवाशांचे नाव यादीत घेऊ नये, स्वतःच्या मालकीची जमीन असेल तर गोष्ट वेगळी. हिंदुस्थान हे नाव त्यात स्पष्ट आहे. पंजाब-सिंधकडून गेलेले उंटवाले आणि फेरीवाले त्या माळांवर मालाची ने-आण करीत होते, ते त्यात आले. गावोगाव भाजीपाला पिकविणारे चिनी माळी त्यात आले. किनाऱ्यावरच्या उसात राबायला १८६३ पासून बेटांवरून आणलेले हजारो मजूर त्यात आले. त्यांतल्या पुष्कळांना फसवून, काहींना पळवून आणले होते. आणि अर्थात इनिंगाईही आले.

मग झाडाखालच्या लोकांनी हे कलम काढा म्हटले काय? नाही. त्यांनी आपल्या युनियनचे दार चिन्यांना बंद ठेवले, आणि नवा पक्ष गोऱ्या ऑस्ट्रेलियाचा कडवा पुरस्कर्ता झाला. १९०१ साली नव्या राष्ट्राच्या संसदेने परदेशीयांना रोखणारा आणि बेटांवरल्या मजुरांना परत धाडणारा असे दोन कायदे केले, त्यांना मजूर पक्षाचा हौसेने पाठिंबा होता. कारण सांगत ते असे, की हे लोक स्वस्तात राबतात आणि आपला दर पाडतात. दर पडत होता हे खोटे नव्हे. पण दर पाडणारा स्वतः मालकाच्या मुठीत कसा सापडला, हे छावणीत उपाशी बसलेल्या माणसाला कळायला हवे होते. मालकाने ज्या करारपत्राने गोऱ्या मजुराला एकटे पाडू पाहिले, त्याहून कितीतरी कडक करारपत्रावर बेटांवरच्या माणसाचा अंगठा होता. ते दोघे एका झाडाखाली बसले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही अनेकदा स्वतःला विचारला आहे.

हा प्रश्न आमच्या लेखी शंभर वर्षांपूर्वीचा नाही. एका कारखान्यात आम्ही काम करीत असताना कायम कामगारांनी सभेत ठराव आणला, की ठेकेदाराने आणलेल्या बिहार-ओरिसाकडच्या पोरांना युनियनचे सभासद करू नये. ती आज आहेत, उद्या जातील. ठराव मांडणारा आमचाच जिवाभावाचा कार्यकर्ता होता. रात्री अकरापर्यंत वाद झाला. आम्ही त्यांना या गावाची हकीकत सांगितली. ठराव थोड्या मतांनी पडला, आणि तीन जुन्या सभासदांनी आमच्याशी बोलणे सोडले, ते आजही बोलत नाहीत. त्यांचे भय खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या घरातही चूल पेटायची होती.

असो. बारकॉल्डिनचे पुढे काय झाले? रूळ लाँगरीचला गेले आणि टोकाचे महत्त्व ओसरले. लोकरीच्या भावाबरोबर गाव फुगत आणि आकसत राहिले. १९५६ साली कातरणीचा दर कापला तेव्हा क्वीन्सलंडातल्या कामगारांनी दहा महिने संप करून तो कट परतविला. पुढे लोकरीला कृत्रिम धाग्याने गाठले, १९९१ मध्ये सरकारी आधारभावाची योजना कोसळली, कळप घटले आणि तरुण मंडळी शहरांकडे गेली. आपल्या कोकणातल्या घरांना जशी कुलपे दिसतात तशी तेथेही दिसत असतील.

झाडाला २००६ साली कोणीतरी विष घातले. तणनाशक मुळांत ओतले. कोणी ओतले ते उघड झाले नाही. झाड वाळले. वाळलेला बुंधा तसाच राखून त्याच्यावर हजारो लाकडी दांडे टांगून पर्णसंभाराचा आभास करणारी वास्तू उभारली, ती मे २००९ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी १८९२ च्या जाहीरनाम्याची नोंद युनेस्कोने जागतिक स्मृतिसूचीत केली. कलमे करून जुन्या झाडाची काही रोपेही जगविली आहेत. रॉकहॅम्प्टनकडून येणारी गाडी आजही त्या स्टेशनावर थांबते, उतारू खाली उतरून बुंधा पाहतात.

इनिंगाईंना क्वीन्सलंडात मताचा हक्क १९६५ साली मिळाला. अरॅमॅकजवळचे ग्रेसव्हेल हे कुरण २०१९ मध्ये त्यांच्या हाती परत आले. त्या भागात मारा वोंगा नावाचा सुमारे १६० मीटर लांबीचा खडकाचा आडोसा आहे, त्याच्या भिंतीवर पंधरा हजारांहून अधिक खुणा कोरलेल्या आहेत. त्यांत एका ओळीत ताऱ्यांसारख्या सात आकृती आहेत. तेथले वडीलधारे सांगतात, की या सात बहिणी. आकाशातल्या त्या पुंजक्याला आपण कृत्तिका म्हणतो. अरॅमॅकपर्यंत बारकॉल्डिनहून पूर्वी छोटी ट्रामगाडी जात असे. ती १९७५ साली बंद झाली, तेव्हा पुढची वाट आता मोटारीनेच करावी लागते.